शाळेचे दप्तर व लॅपटॉपमधील जागेची विभागणी

(केंद्र शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



राजपुरीच्या खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा हे बंदर वसले आहे. समोरच्या तीरावर दिघी, आणि दोहोंमध्ये फेरीबोटीची ये-जा. ह्या खाडीकाठच्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. भाताचे शेत एकसलग मोकळे ठेवून चालत नाही. त्यात बांध घालून खाचरे पाडावी लागतात. मग एका खाचरातील पाणी काढले तरी शेजारच्या खाचरातील रोप सुकत नाही, व एकात चिखलणी चालू असता दुसऱ्यातील लावणी तुडवली जात नाही. परंतु ह्या सर्व खाचरांच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, एक मोठा बांध असतो. तो फुटला, तर आतील बांध कितीही नीट घातलेले असोत, सर्वच खाचरांत खारे पाणी शिरते.

शाळेस मिळालेल्या नव्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची विभागणी ह्याच न्यायाने समजून घेतली पाहिजे. आतील बांधाचा उपयोग कोणता, आणि कोणत्या संकटापुढे तो निरुपयोगी ठरतो, ह्या दोन्ही गोष्टी ज्या शिक्षकास उमगल्या, त्याच्या हाती शाळेचे दप्तर सुरक्षित राहील.

प्रथम ह्या दप्तराची किंमत ध्यानात घेणे अगत्याचे आहे. प्राथमिक शाळेतील जनरल रजिस्टर हे कायम जतन करावयाचे दप्तर होय. आजोबांनी पहिल्या इयत्तेत प्रवेश घेतला त्या दिवशी गुरुजींनी बोरूने लिहिलेली एक ओळ आज नातवाच्या उपयोगी पडते. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गातील अर्जदाराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींतील अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, आणि अनुसूचित जातीतील अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. ज्या कुटुंबाकडे जमिनीचा कागद नाही, त्याच्या दृष्टीने शाळेतील ती एक ओळ हाच बहुधा एकमेव आधार असतो. खाऱ्या दमट हवेत कागद मऊ पडतो, शाई पसरते, वाळवी व कसर आपले काम करतात. म्हणून जुन्या रजिस्टरांच्या पानांची छायाचित्रे काढून ती संगणकात साठविणे ही विचारी मुख्याध्यापकांनी केलेली चांगली तजवीज होय. मूळ रजिस्टराची जागा ही छायाचित्रे घेऊ शकत नाहीत. तथापि मूळ पान वाचेनासे झाल्यास त्याची साक्ष देण्यास ती उरतात. अशी छायाचित्रे लॅपटॉपच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवावी, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

नवा लॅपटॉप उघडला असता बहुधा त्यात ‘सी’ ह्या अक्षराचा एकच मोठा विभाग दिसतो. अक्षरांचा आरंभ ‘सी’पासून का व्हावा, असे विद्यार्थी विचारतील. जुन्या संगणकांत ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीच्या दोन खणांसाठी राखलेली असत. हार्ड डिस्क मागाहून आली, म्हणून तिच्या वाट्यास तिसरे अक्षर आले. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या धुडात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. १९८३ साली त्याच कंपनीच्या ‘एक्सटी’ ह्या वैयक्तिक संगणकात १० एमबीची डिस्क आली. आज लॅपटॉपमध्ये ५१२ जीबी जागा सर्रास असते. आणि फिरत्या तबकडीऐवजी बहुतेकांत ‘एसएसडी’ नावाची, कोणताही भाग न फिरणारी साठवण असते.

येथे एक शंका उपस्थित होते. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेले असता पडद्यावर ४७६ जीबीच का दिसतात? ह्यात विक्रेत्याने लबाडी केलेली नसते. कारखानदार एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतो. विंडोज मात्र १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटींहून किंचित अधिक बाइटांचा एक जीबी धरते. माप मोठे झाले की संख्या लहान होते. पायलीने मोजलेले भात मणाने मोजले म्हणून कमी होत नाही, तद्वतच हे आहे.

आता विभागणीचा हेतू पाहू. ‘सी’ विभागात विंडोज ही यंत्र चालविणारी प्रणाली राहते. ही प्रणाली कधी विषाणूंमुळे, कधी अर्धवट राहिलेल्या अद्ययावतीकरणामुळे बिघडते, आणि मग ती पुसून नव्याने बसविण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. अशा वेळी शाळेचे दप्तर त्याच विभागात असेल, तर प्रणालीबरोबर तेही पुसले जाण्याचा धोका असतो. दप्तर वेगळ्या विभागात असेल, तर ‘सी’ पुसूनही ते जागच्या जागी राहते. एका खाचरात चिखलणी चालू असता दुसऱ्यातील लावणी वाचावी, तसाच हा प्रकार होय. विभागणीने यंत्राचा वेग वाढतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी; एसएसडीच्या बाबतीत तर ती सर्वस्वी निराधार आहे.

विभागणी नवा लॅपटॉप हाती येताच, त्यात काहीही साठविण्यापूर्वी करावी. रिकाम्या शेतात बांध घालणे सोपे. उभ्या पिकात घालणे जोखमीचे. लॅपटॉप विजेला जोडलेला असावा. यंत्रावर ‘बिटलॉकर’ अथवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ ही कुलूपव्यवस्था चालू आहे काय, हे आधी पाहावे. नव्या यंत्रांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच ती पुष्कळदा आपोआप सुरू होते, आणि तिची ४८ अंकांची किल्ली त्याच खात्यात जमा होते. येथे फार सावध राहिले पाहिजे. एखाद्या शिक्षकाने स्वतःच्या खाजगी खात्याने लॅपटॉप सुरू केला व पुढे त्याची बदली झाली, तर एखाद्या दिवशी यंत्र ती किल्ली मागते, आणि ती शाळेत कोणाजवळच नसते. सबब यंत्र शाळेच्या खात्याने सुरू करावे, ते ४८ अंक कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवावे, आणि कार्यभार देता-घेताना त्या कागदाचा उल्लेख यादीत करावा.

ह्यानंतरची कृती थोडकी आहे. पडद्यावरील स्टार्ट ह्या चिन्हावर उजवी कळ दाबली असता एक यादी उघडते. तीतील ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडावे. डिस्कचा संपूर्ण नकाशा पट्ट्यांच्या रूपाने समोर येतो. त्यात ‘सी’च्या अलीकडे-पलीकडे काही लहान पट्ट्या दिसतील. एक यंत्र सुरू करणारी, दुसरी बिघाडाच्या वेळी दुरुस्ती करणारी. त्यांस अक्षर नाही म्हणून त्या निरुपयोगी समजून पुसू नयेत. पहिली पुसल्यास यंत्र सुरूच होणार नाही. नंतर ‘सी’च्या पट्टीवर उजवी कळ दाबून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडावे. ‘सी’मधून किती जागा काढून घ्यावयाची, हा आकडा यंत्र एमबीमध्ये विचारते. येथे गफलत होते ती ही की, शिक्षक जीबीचा आकडा घालतो. ३०० जीबी काढावयाचे असल्यास ३०० नव्हे, तर ३०० गुणिले १०२४, म्हणजे ३०७२०० हा आकडा घालावा. सहावी-सातवीच्या वर्गात गुणाकाराचे हे उदाहरण अवश्य घालावे. मुलांस हिशेबाचा उपयोग प्रत्यक्ष दिसेल.

कधी यंत्र मागितली तेवढी जागा देत नाही. प्रणालीच्या काही धारिका हलविता येत नाहीत, व त्या पट्टीच्या मध्यावर ठाण मांडून बसल्या असल्यास त्यांच्या अलीकडे बांध सरकत नाही. अशा वेळी मिळेल तेवढ्यावर समाधान मानावे. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीने दर्शविली जाते. तिच्यावर उजवी कळ दाबून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडावे, विचारलेल्या प्रश्नांना अनुक्रमे संमती द्यावी, ‘एनटीएफएस’ ही रचना तशीच ठेवावी, आणि विभागास ‘दप्तर’ असे नाव द्यावे. त्यास ‘डी’ अथवा पुढील मोकळे अक्षर मिळते. येथे ‘फॉरमॅट’ हा शब्द येतो. तो केवळ ह्या नव्या, रिक्त विभागास लागू आहे. ‘सी’वर तो शब्द कधीही चालवू नये.

प्रमाण कोणते ठेवावे? विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी साठवण लागते, परंतु अद्ययावतीकरणाने ती फुगत जाते. म्हणून ‘सी’स १५० ते २०० जीबी सोडणे शहाणपणाचे होय. ‘सी’ मागाहून वाढवावयाचा झाल्यास त्याच्या लगत उजवीकडेच मोकळी जागा लागते. तेथे ‘डी’ बसलेला असल्याने ते काम कठीण जाते. दप्तरास मात्र फार जागा लागत नाही. रजिस्टराच्या एका पानाचे छायाचित्र एक ते दोन एमबीचे धरले, तर ३०० पानांचे रजिस्टर ३०० ते ६०० एमबीत मावते.

विभाग पाडला म्हणजे कार्यभाग उरकला असे नव्हे. ‘डेस्कटॉप’ व ‘डॉक्युमेंट्स’ ही दोन्ही स्थाने मुळात ‘सी’मध्येच असतात, आणि घाईच्या वेळी शिक्षक सर्व काही तेथेच ठेवून देतो. मग ‘डी’ रिकामा राहतो व बांध घालूनही पीक दुसऱ्याच खाचरात उगवते. ‘डॉक्युमेंट्स’च्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘लोकेशन’ ह्या सदराखाली त्याचे स्थान ‘डी’वर हलविता येते, ते पहिल्याच दिवशी करावे. पुढे दुरुस्तीस यंत्र देताना कारागिरास लेखी सांगावे की, केवळ ‘सी’ पुसावयाचा आहे. प्रणाली पूर्ववत करणाऱ्या योजनेत सर्वच विभाग पुसण्याचाही पर्याय असतो, आणि सूचना नसल्यास कारागीर तोही निवडू शकतो.

आता मोठ्या बांधाकडे वळू. ‘सी’ व ‘डी’ हे दोन विभाग दिसले, तरी वस्तू एकच आहे. ती जळाली, चोरीस गेली अथवा पाण्यात भिजली, तर दोन्ही विभाग एकदमच जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. अनेक घरांची व शाळांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि पुष्कळ गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. छप्पर गेलेल्या खोलीत पावसाचे पाणी कपाटात शिरते, तेव्हा ते कागदी रजिस्टर व लॅपटॉप असा भेद करीत नाही. मग डिस्कमधील दोन विभागांत तरी ते भेद कसा करणार? तात्पर्य, विभागणी ही व्यवस्था आहे, रक्षण नव्हे. जो शिक्षक ‘डी’मध्ये ठेवले म्हणजे प्रत काढली असे समजतो, त्याने आतील बांधावर विसंबून खाडीकडची बाजू मोकळी सोडली आहे.

ह्यावर उपाय खर्चाचा नाही. ३२ जीबीच्या एका लहानशा पेन ड्राइव्हमध्ये वरील हिशेबाने पन्नास रजिस्टरांची छायाचित्रे मावतात. दप्तराच्या दोन प्रती काढाव्या. एक शाळेतील कपाटात, प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत ठेवावी. दुसरी शाळेच्या इमारतीत, किंबहुना त्या गावातही, ठेवू नये. वरिष्ठांच्या अनुमतीने ती केंद्रशाळेत अथवा मुरूडच्या गट साधन केंद्रात, पोच घेऊन, सुपूर्द करावी. तीत मुलांची नावे, जन्मतारखा व जाती आहेत, हे जाणून तिला परवलीच्या शब्दाचे कुलूप घालावे. आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. न उघडलेली प्रत शाबूत आहे, अशी खात्री कोणालाही देता येत नाही.

ह्या कामाचा मुहूर्त किनाऱ्यावरील रहिवाशांनी पूर्वीच ठरवून ठेवला आहे. आगोटीच्या आधी घराघरांत बेगमी होते, छपरे शाकारली जातात, होड्या वर ओढल्या जातात. त्याच सुमारास, उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी, शाळेच्या दप्तराची दुसरी प्रत खाडीपासून दूर पोहोचली पाहिजे. आज पहिलीत बसलेल्या मुलीची नात कधीतरी एका ओळीच्या शोधात शाळेच्या दारी येईल. ती ओळ तिला त्या दिवशी मिळावी, एवढ्याचसाठी हा सर्व खटाटोप आहे.