झोपलेली यूएसबी जोडणी

संगणकाला जोडलेला माइक किंवा बोटाचा ठसा घेणारं यंत्र थोडा वेळ वापराविना राहिलं की कधीकधी दिसेनासं होतं. काढून पुन्हा जोडलं की चालू लागतं. अशा वेळी नवं यंत्र आणण्याआधी वीजबचतीची सेटिंग तपासावी, असं मी आग्रहानं सांगेन. केबल सैल असेल तर जोडणी ऐन कामातही तुटते. फक्त विश्रांतीनंतरच तुटत असेल, तर संशय वीजबचतीवर घ्यावा. यूएसबी २.० च्या नियमांनुसार संगणकाकडून येणारे संकेत ३ मिलिसेकंद थांबले की उपकरण निद्रावस्थेकडे वळतं. कामात ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेऊ शकणाऱ्या उपकरणाला तिथं जेमतेम २.५ मिलिअँपिअर मिळते. काही उपकरणांना या झोपेतून नीट उठताच येत नाही.

विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘यूएसबी रूट हब’च्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’खालची, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढावी. काही नव्या लॅपटॉपवर हा विभाग दिसत नाही. तिथं ‘पॉवर ऑप्शन्स’मधली ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सोय बंद करून पाहावी. यानं बॅटरी लवकर संपेल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच सरसकट सगळी वीजबचत बंद करू नये. ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये बॅटरीसाठी आणि थेट विजेसाठी वेगळी निवड करता येते, बॅटरीवर ही सोय चालूच ठेवावी. बदल एका वेळी एकच करावा आणि यंत्र मुद्दाम निवांत ठेवून पाहावं. तरीही ते दिसेनासं झालं, तर खूण पूर्ववत करून केबल आणि ड्रायव्हर तपासावेत.