लेकीच्या खोलीतली दुसरी खाट



लेक शहरात शिकायला गेली की आपण फोनवर पहिल्यांदा विचारतो, "जेवलीस का?" मग, "खोलीत कोण आहे?" आणि मग हळूच, "कुणातली आहे गं?" हा तिसरा प्रश्न तेवढा गिळून टाकू या. त्या दोघींना सहा महिने एका बादलीत आणि एका प्लगवर भागवायचंय.

आमच्या गटातल्या एकीची लेक साताऱ्याहून नागपूरला गेली. रूममेट तिकडचीच. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "जेवून राहिली का?" हिला वाटलं, जेवून इथेच मुक्काम करणार का, असं विचारतेय! आता ही स्वतःच आईला सांगते, "अभ्यास करून राहिले." कंदी पेढे आणि संत्र्याची बर्फी पहिल्या आठवड्यातच संपली. एका रविवारी दोघी दीक्षाभूमीवर गेल्या. बाबासाहेब १९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले होते, हे हिनं तिथं तिला सांगितलं. रूममेटला ते ठाऊकच नव्हतं.

खोलीत कुरबूर होतेच. एकीला दिवा लावून वाचायचं असतं, दुसरीला झोपायचं असतं. त्यात आपण पडू नये, त्यांचं त्या बघतात. आणि एसटीला अर्धं तिकीट आहे म्हणून लेकीला दर शनिवारी घरी बोलावू नका. रविवारची गंमत तिथंच असते. खाणावळीचे पैसे मात्र वेळेवर पाठवा, रूममेटकडं उसने मागायची वेळ नको.

दिवाळीला ती नागपूरची पोर साताऱ्याला येतेय. आईनं आत्तापासूनच विचारलंय, "तिला चकली तिखट चालेल ना?"