अवजड वाहनाचे शिक्षण आणि आपली मुले

(समितीच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह प्रवेश यांवर बोलले जाते. ते बोलायलाच हवे. पण बारावीला दोनदा बसून घरी राहिलेला, सकाळपासून जामच्या चौरस्त्यावर ट्रक पाहत उभा राहणारा मुलगाही आपलाच आहे. त्याच्याविषयी या विचारपीठावरून सहसा कोणी बोलत नाही. आज आम्ही बोलणार आहोत. विषय साधा आहे : पैसे मोजून ट्रक चालवायला शिकायचे, तर कोणाकडून आणि कसे.

दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आईला घेऊन समितीकडे आला. माउली म्हणाली, "भाऊ, पोराले टरक शिकाचा हाये. शिकवनारा पंधरा हजार मांगते. अर्धे समितीनं द्या, अर्धे मी कापूस येचून देतो." समितीचा निधी शिक्षणासाठी आहे. बैठकीत आमचे एक निवृत्त गुरुजी उठले आणि म्हणाले, "बाबासाहेबांनी पोरांना शाळेत पाठवायला सांगितले, ट्रकवर नाही." खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हीही गुरुजींच्याच बाजूचे होतो. कलाशाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला वाटते की शिक्षण म्हणजे टेबलाजवळ नेणारे तेच. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या.

मुलगा थांबला नाही. आईने उसने आणले. हलक्या वाहनाचा परवाना त्याच्याजवळ होताच. शिकवणाऱ्याने काही सकाळी मोकळ्या मैदानात रिकामा ट्रक फिरवून घेतला, एका गाडीवर सहा-सहा मुले. प्रमाणपत्र मिळाले, परवानाही मिळाला. तीन महिन्यांनी तो सरकीने भरलेला ट्रक घेऊन तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात उतरत होता. डिझेल वाचते असे कोणीतरी सांगितलेले, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. ट्रक उलटला. जीव वाचला, मांडीचे हाड मोडले.

आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा वस्तीतले एक जुने चालक सोबत होते. चाळीस वर्षे त्यांनी ट्रक चालवला, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मुलगा म्हणाला, "काका, ब्रेक लागलाच नाही." उस्ताद म्हणाले, "ब्रेक लागला होता पोरा, लई येळ लागला होता."

हे वाक्य आम्हाला तेव्हा कळले नाही. बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी समजावून सांगितले. उतारावर गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये टाकली की सगळा भार ब्रेकवर. पाय दाबून ठेवला की ड्रम तापतो, तापला की लाइनिंगची पकड जाते. आणि वारंवार ब्रेक मारला तर टाकीतली हवाही संपत जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. एवढीच गोष्ट. पण रिकाम्या ट्रकला मैदानात ती शिकवता येत नाही, कारण मैदानाला उतार नसतो आणि रिकाम्या गाडीला वजन नसते.

त्या दिवसानंतर आम्ही कायदा वाचला. बँकवाल्याला बारीक अक्षर वाचायची सवय असते, तिचा इथे उपयोग झाला. मोटार वाहन कायदा 1988 चा, लागू झाला 1 जुलै 1989 पासून. त्यानुसार मालवाहू, प्रवासी अशा परिवहन वाहनासाठी वय वीस वर्षे पूर्ण हवे. हलक्या वाहनाचा परवाना मिळून एक वर्ष झाल्याशिवाय परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. पैसे घेऊन शिकवायचे तर शाळेला परिवहन खात्याचा परवाना लागतो. तो नमुना 11 मध्ये असतो, तो दाखवा म्हणायला लाजू नका. तिथे शिकवणारा किमान दहावी पास आणि पाच वर्षांचा अनुभवी हवा. अवजड वाहनाचे प्रशिक्षण कमीत कमी तीस दिवसांचे, आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे पंधरा तासांचे असावे, असा नियम आहे. आता हिशेब करा. सकाळचा एक तास, गाडीवर सहा मुले, म्हणजे एकेकाला दहा मिनिटे. तीस दिवस न चुकता गेले तरी पाच तास. उरलेले दहा तास कुठे गेले? कागदावर पंधराच लिहिलेले असतात.

आठवी पासची अट 2007 मध्ये आली होती, ती 2019 मध्ये काढली गेली. आणखी एक घोळ मुलांच्या डोक्यात आहे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. हे एकूण वजन आहे, भरलेल्या गाडीचे. लहान टेम्पोपुरते ठीक. दहा चाकीला हा निकाल लागू नाही. तिथे अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा परवानाच मागते.

काउंटरवर बसून आम्ही दुसरी बाजूही पाहतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध तरुणांसाठी 1978 पासून महात्मा फुले महामंडळ आहे, बँकांच्या कर्जयोजना आहेत. मुलगा आधी गाडी घेतो, चालवायला दुसरा ठेवतो. चालक एक दिवस येत नाही, हप्ता मात्र तारखेला येतो. नंदुरबारच्या योगिता रघुवंशी कायद्याच्या पदवीधर. पतीच्या निधनानंतर त्यांनी ट्रकचा व्यवसाय हाती घेतला आणि चालक नेमला. अपघात झाला आणि चालक गाडी सोडून पळाला. तेव्हा त्या स्वतः स्टेअरिंगवर बसायला शिकल्या, आणि भोपाळहून देशभर माल नेऊ लागल्या. हे उदाहरण आम्ही बैठकीत मांडले. गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पदवीही हवी आणि ट्रकही यायला हवा." आम्ही म्हटले, ट्रक यायला हवा, एवढे तरी मान्य करा.

म्हणून समितीने ठरवले ते असे. प्रमाणपत्र आणि परवाना मान्यताप्राप्त शाळेतूनच. त्याला फाटा देऊन घरी येऊन शिकवतो म्हणणाऱ्याला समिती एक रुपया देणार नाही. पण परवाना हातात आल्यावर खरा खाजगी शिक्षक नेमायचा, आणि त्याचे अर्धे मानधन समितीने द्यायचे. आमचे उस्ताद तयार झाले. हिंगणघाटच्या एका गाडीमालकाने, उस्ताद शेजारी बसणार या अटीवर, आपला ट्रक दिला. कापसाची एक गाठ साधारण 170 किलोची. अशा गाठी भरल्या की गाडी वळणावर कशी झुकते, हे शंभरदा ऐकून कळत नाही. जिनिंगच्या आवारात फक्त आरशात पाहून मागे घेणे, निघण्याआधी हवेचा काटा पाहणे, डाव्या बाजूची सायकल दिसत नाही हे धरून चालणे, ताडपत्री आणि दोर बांधणे, हे सगळे त्यात येते. समृद्धी महामार्गावर उस्तादांनी मुलाला मुद्दाम नेले. सरळ रस्ता झोप आणतो, असे ते म्हणतात. डोळा जड झाला की विश्रांतीच्या जागी गाडी लावायची, मालकाचा फोन आला तरी.

आणि एक गोष्ट उस्तादांनी न सांगता आम्ही सांगतो. आपला जिल्हा 1974 पासून दारूबंदीचा आहे. दुप्पट भाड्याचा माल कोणता असतो हे रस्त्यावरचा प्रत्येक चालक जाणतो. तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत मद्य आहे, आणि पाचवे शील तर आपण रोज म्हणतो. गाडीत काय भरले आहे ते पाहिल्याशिवाय चावी फिरवू नका. पकडली गेली तर मालक जामिनावर सुटतो, परवाना तुमचा जातो.

मांडीचे हाड मोडलेला तो मुलगा वर्षभर घरी होता. आता तोच उस्तादांच्या शेजारी बसतो. तासांची वही गुरुजींनी स्वतःकडे घेतली आहे. किती तास रिकामी, किती भरलेली, किती रात्रीची, असे वेगळे रकाने त्यांनी आखले आहेत, आणि उस्तादांची सही असल्याशिवाय ते तास धरत नाहीत. गेल्या पौर्णिमेपर्यंत एकतीस तास झाले. सत्याग्रही घाट अजून बाकी आहे. आई म्हणते नको, मुलगा म्हणतो जायचे. उस्ताद म्हणतात, पावसाळा संपू द्या.

जयभीम.