चाक जागीच का फिरवतात?

ट्रॅक्टर चिखलात रुतला, चाक जागीच गरगरू लागले, की आपण हळहळतो. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे मुळात १,३२० फूट सरळ धावण्याच्या शर्यतीत, चालक हेच मुद्दाम करतो! याला ‘बर्नआउट’ म्हणतात. चांगले टायर जाळायचे कशाला, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटले होते. पण तापून स्वच्छ झालेले रबर जमीन घट्ट धरते.

मात्र हे रस्त्यावर नव्हे. पोरांना रस्त्यावरून मैदानात आणावे, म्हणून तर १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. मैदानात सुटण्याच्या रेषेमागे थोडे पाणी टाकलेले असते. मागची चाके त्यात भिजवून गाडी जराशी पुढे घ्यायची. समोर कोणी उभे नाही ना, ते पाहायचे. फक्त पुढच्या चाकांचे ब्रेक धरून ठेवणारी ‘लाइन लॉक’ नावाची कळ लावायची. दुसरा गिअर टाकून इंजिनचे फेरे वाढवायचे आणि क्लच एकदम सोडायचा. नवखा नेमका इथे बिचकतो. पाय अर्धवट दाबून ठेवतो. टायर राहतो बाजूला अन् जळते ती क्लचप्लेट!

धूर निघाला की कळ सोडावी, गाडी पुढे सरकू द्यावी. मग क्लच दाबून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा. भरवेगात चाकाने एकाएकी जमीन पकडली, तर तो हिसका गिअरला अन् आसाला बसतो.

रोजचे नक्षीचे टायर असतील, तर पाण्याला वळसाच घालावा. नक्षीत साचलेले पाणी रेषेपर्यंत जाते, आणि घसरतो तो मागून येणारा.