आधी श्वास सोडा

(वसंतातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आपल्याकडे चारचौघांत कुणाचा जीव घाबरा झाला, की एकजण वर्तमानपत्रानं वारा घालायला लागतो, दुसरा ग्लुकोजचं पाणी तोंडाशी धरतो आणि तिसरा, बहुधा जमलेल्यांतला सगळ्यात वडीलधारा, हुकूम सोडतो, "मोठा श्वास घे! अजून मोठा!" पहिल्या दोघांशी माझं भांडण नाही. आजचा विषय तिसऱ्याचा आहे.

पॅनिक अटॅक, म्हणजे भीतीचा अचानक झटका, आलेल्या माणसाला हवा कमी पडतेय असं अगदी खरोखर वाटतं. त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहा, कोविडनंतर तो बऱ्याच घरांच्या कपाटात पडून आहे. आकडा बहुधा 98 किंवा 99 दिसेल. ऑक्सिजन भरपूर आहे. घटलाय तो कार्बन डायऑक्साइड. शाळेत आपण शिकलो की हा टाकाऊ वायू, बाहेर गेलेला बरा. पण धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण 35 ते 45 मिलिमीटर पारा इतका राहावा लागतो. माणूस भराभरा आणि खोल श्वास घेऊ लागला, की हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो आणि रक्ताची आम्लता कमी होते.

पुढचं सगळं त्यातून येतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, समोरचं जग खोटं वाटायला लागतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटं आखडून हात वाकडा होतो. कोपनहेगनच्या ख्रिश्चन बोर यांनी 1904 मध्ये दाखवलं, की कार्बन डायऑक्साइड कमी असला तर हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहजी देत नाही. म्हणजे आपण बिचाऱ्याला "अजून मोठा श्वास घे" म्हणतो, तेव्हा त्याची चक्कर आणि मुंग्या आपणच वाढवत असतो.

आणि मुंग्या आल्या की माणूस काय समजतो? लकवा. छाती धडधडली की हार्ट अटॅक. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये पॅनिकचं जे स्पष्टीकरण मांडलं, त्याचा गाभा हाच आहे: शरीरातल्या निरुपद्रवी संवेदनेचा अर्थ 'आता मी संपलो' असा लावला जातो, त्या अर्थानं भीती वाढते आणि भीतीनं संवेदना वाढतात. मात्र सगळं खापर श्वासावर फोडू नका. 1996 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डच संशोधकांनी दाखवलं, की अनेकदा भीती आधी येते आणि श्वास मागून बिघडतो.

मग करायचं काय? श्वास लहान करायचा, नाकानं घ्यायचा आणि सोडताना वेळ लावायचा. मनात चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. चार-सहा जमत नसेल तर दोन-तीन मोजा, आकड्यांत दैवी काही नाही. नाक चोंदलेलं असेल तर फुंकर घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून सोडा. एक हात पोटावर ठेवा, हलायला हवं ते पोट, खांदे नव्हेत. पहिल्या अर्ध्या मिनिटात गुदमरल्यासारखं वाटेल, तेवढं सोसायचं.

मोजणं सुचत नसेल, आणि त्या क्षणी बहुतेकांना सुचत नाहीच, तर तोंडानं मोठ्यानं काहीतरी म्हणा. बोलताना श्वास आपोआप बाहेर जात राहतो, म्हणून पाठ असलेली गोष्ट संथपणे म्हणणं हा फार सोपा उपाय आहे. रामरक्षा घ्या, मनाचे श्लोक घ्या, नास्तिकांनी बाराचा पाढा घ्यावा. इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांनी 2001 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि बौद्ध मंत्र दोन्ही तपासले. दोन्हींनी श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली. एरवी ती बारा ते वीस असते. गोव्यात तिन्हीसांजेला घराघरांत तेर्स, म्हणजे अशीच जपमाळ, म्हणणाऱ्या आजीबाईंना हे ऐकून नवल वाटणार नाही.

भ्रामरीही उपयोगी, कारण गुणगुणताना उच्छ्वास लांबतो. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र त्या वेळी अजिबात नको, ते तर ठरवून केलेलं जोराचं श्वसन. प्राणायाम म्हणजे भरपूर ऑक्सिजन, ही समजूत तर लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीच प्रयोगांच्या आधारे खोडून काढली होती. तरीही ती अजून दिमाखात फिरते आहे.

सिनेमात दिसणारी कागदी पिशवी विसरा. आपलाच सोडलेला वायू परत घेण्याची ती युक्ती तर्काला धरून आहे, पण माणसाला पॅनिक नसून हृदयविकार किंवा दमा असेल तर ती जीवावर बेतते. मायकेल कॅलहॅम या अमेरिकी डॉक्टरांनी 1989 मध्ये अशा मृत्यूंची नोंद केली. प्लॅस्टिकची पिशवी तर कुणाच्याही तोंडाजवळ नेऊ नका.

इथेच सगळ्यात महत्त्वाची अट सांगतो. आयुष्यात पहिल्यांदाच असं होत असेल, वय चाळिशीपुढचं असेल, दुखणं छातीतून हातात किंवा जबड्यात जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, ऑक्सिमीटरचा आकडा उतरत असेल, दमा असेल, मधुमेह असेल, तर श्वास मोजत बसू नका, दवाखाना गाठा. रक्तातली साखर हाताबाहेर गेली की शरीर आम्ल बाहेर टाकण्यासाठी जोरात श्वास घेतं. तो श्वास थांबवायचा नसतो.

जवळच्या माणसानं काय करावं? गर्दी हटवावी, शेजारी बसावं, स्वतः संथ श्वास घेत राहावं. "काही झालेलं नाही तुला, उगाच घाबरतोस" हे वाक्य आपल्या घरांत फार प्रेमानं म्हटलं जातं आणि ऐकणाऱ्याला फार एकटं पाडतं. त्यापेक्षा "हे उतरतं, मी इथे आहे" एवढं म्हणा. ते खरंही आहे: झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो.

झटके परत परत येत असतील तर श्वासाच्या युक्तीवर भागवू नका. काहीजण पुढे लोकलमध्ये चढायचं सोडतात, लिफ्ट सोडतात, लग्नकार्याला जाणं सोडतात. यावर वर्तणूक-विचार उपचार आणि औषधं, दोन्ही चांगली लागू पडतात. उपचारात कधी कधी आम्ही रुग्णाला खुर्चीवर बसवून मुद्दाम मिनिटभर जोरात श्वास घ्यायला लावतो. हृदयविकार, फीट किंवा गरोदरपण नसेल तरच, आणि डॉक्टर समोर असतानाच. मुंग्या येतात, चक्कर येते आणि त्या कशानं आल्या हे त्याला त्याचंच कळतं. घरी करून पाहू नका. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे, मराठीत बोलता येतं.

आता प्रश्नांच्या चिठ्ठ्या पाठवा. नाव घातलं नाही तरी चालेल.