मिठागराचा कारभार आणि मिठाचा उतारा

कोळशाची खाण उपसली की संपते. मिठागराचा कच्चा माल मात्र दर भरतीला दाराशी येतो. भाईंदरच्या खारीगावापासून राई-मुर्ध्यापर्यंत खाडीलगतच्या सखल जमिनीत आगरी समाजाने हेच भरतीचे पाणी आटवून पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवले. पण एकाच मापाच्या दोन आगरांचा उतारा सारखा नसतो. ही तफावत बहुधा घामाची नसते, पाण्याच्या नियोजनाची असते.

पाण्याची घनता बोमे अंशांत मोजतात. समुद्राचे पाणी सुमारे ३ अंशांचे. ते तापवणीत, म्हणजे पाणी तापवण्याच्या कप्प्यांत, आटत आटत २५ अंशांवर आले की मीठ धरू लागते. तोवर मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरलेला असतो. म्हणूनच मीठ धरणाऱ्या वाफ्यांच्या सुमारे दहापट क्षेत्र पाणी तापवायला लागते, असा ढोबळ हिशेब आहे. वाफे वाढवून तापवणी तोकडी ठेवणारा आगरमालक स्वतःचेच नुकसान करतो. वाटेत जिप्सम खाली बसते. कच्चे पाणी घाईने वाफ्यात सोडले, तर तेही मिठात मिसळते. २९ अंशांपुढे मॅग्नेशियमचे क्षार येऊ लागतात, मीठ कडवट होते आणि त्याला पाणी सुटते. म्हणून २९ अंशांपुढचे पाणी वाफ्यातून वेळीच काढून टाकावे लागते. सारा कारभार या चार अंशांत आहे.

जाणता आगरी पाण्याचा लालसर रंग पाहून अंश ओळखतो आणि सहसा चुकत नाही. पण अंदाजाची वही ठेवता येत नाही. स्वस्तातल्या घनतामापकाने रोजचे अंश आणि पातळी लिहून ठेवली, तर दोषही सापडतात: पातळी उतरते पण अंश चढत नाही, तेव्हा पाणी आटत नसून बांधातल्या खेकड्यांच्या बिळांतून झिरपत असते. अवकाळी सर आली, तर पावसाचे हलके पाणी काही काळ खाऱ्या पाण्यावर तरंगते. वाऱ्याने ते मिसळण्याआधी वरचा थर सोडून दिला, तर कित्येक दिवसांची मेहनत वाचते. हे काम कोणी करायचे, ते मात्र आधीच ठरलेले हवे.

भावनगरला १९५४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने मीठ पिकवण्याच्या शास्त्रावर भरपूर काम केले आहे. देशातले तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत होते. तिथल्या कोरड्या हवेशी कोकणपट्टीची बरोबरी होणार नाही. इथला हंगाम साधारण डिसेंबर ते मे एवढाच. त्यामुळे बांधबंदिस्ती दिवाळीनंतर लगेच उरकणे, हाच इथल्या आगराला उतारा वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.