तोंडातला न दुखणारा चट्टा



आज आपण तोंडाच्या व गळ्याच्या कर्करोगाविषयी बोलू. त्यालाच कॅन्सर म्हणतात. नाव निघाले की माणसे उठून जातात. तुम्ही बसून राहा.

भिंतीला जशा विटा, तशा आपल्या शरीराला पेशी. त्या फार बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. जुनी पेशी जाते, तिच्या जागी नवी येते. तंबाखूतली विषे या पेशी बिघडवतात. बिघडलेली पेशी वाढतच राहते, थांबत नाही. त्यातून गाठ होते, नाहीतर जखम होते.

तंबाखू-चुना गालात धरला की त्याच जागी रोग होण्याचा धोका जास्त. बायका मिश्री लावतात, तीही तंबाखूच. नुसती सुपारीदेखील साधी नाही. तिच्याने गाल आतून ताठ होतात, तोंड उघडत नाही. आपली ३ बोटे उभी धरून तोंडात जातात का, बघा. जात नसतील तर दवाखाना गाठा. विडीने घशाला व आवाजाच्या नळीला धोका. वर दारू असली तर तो पुष्कळ वाढतो. आपल्या राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या मिळतातच. आम्ही शाळेत होतो तेव्हा आलेल्या पाहुण्यापुढे आधी चंची येई, मग पाणी. त्यात कुणाला वावगे वाटत नसे.

आता मुख्य गोष्ट. दुखले की माणूस दवाखान्यात जातो. पण हा रोग पुष्कळदा सुरुवातीला दुखतच नाही. गालात किंवा जिभेवर पांढरा नाहीतर लाल चट्टा येतो. जिभेच्या कडेला जखम होते. माणूस म्हणतो, "दुखत नाही ना, मग राहू दे." इथेच घात होतो. तोंड आले तर ते बहुधा आठ-दहा दिवसांत बरे होते. जी जखम किंवा जो चट्टा १५ दिवसांत जात नाही, तो डॉक्टरांना दाखवा. गळ्याला गाठ आली, आवाज बसला तो सुटतच नाही, घास गिळताना अडतो, कारण नसता दात हलू लागला, तरीही दाखवा.

डॉक्टर जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला देतात. "सुरी लागली की रोग पसरतो," असे पारावर सांगतात. ते खरे नाही. तुकडा तपासल्याशिवाय रोग नक्की कळत नाही. जडीबुटीत महिने घालवले, तर रोग तेवढा पुढे जातो. लवकर कळला तर पुष्कळांना लहान शस्त्रक्रियेने गुण येतो. उशीर झाला तर जबडा काढण्याची पाळी येते. शेक द्यावा लागतो, औषधे शिरेतून द्यावी लागतात. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ सालापासून हेच काम करीत आहे. पैशाची चिंता असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. जाताना रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर घ्या.

शेक सुरू होण्यापूर्वी दात दाखवून घ्यावेत. शेक झाल्यावर दात काढला तर हाड भरून येत नाही, असे होऊ शकते. शेकाने तोंड कोरडे पडते, आतून सोलवटते. तिखट बंद करावे. मऊ भात, पेज, दूध, वरणाचे पाणी कोमट करून द्यावे. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालतात. तिला भिऊ नये, तिच्यातूनच माणसाला बळ मिळते. तोंड उघडण्याचा व्यायाम सांगितला असेल तर दुखले तरी रोज करावा. एरवी जबडा आखडतो.

हा रोग एका ताटात जेवल्याने लागत नाही. तेव्हा आजाऱ्याचे ताट-तांब्या वेगळा करू नका. त्याच्या उशाची तंबाखूची डबी मात्र आधी काढा. घरात दुसऱ्या कुणाची डबी असेल, तर तीही.